दमछाक, बूट आणि घड्याळ

१९६२ सालच्या डिसेंबरअखेर ओरेगन विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बोअरमन न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला पोहोचले. बरोबर चार बाय एक मैल रिलेचा त्यांचा संघ होता. त्याच वर्षी त्या पोरांनी जागतिक विक्रम केला होता. बोअरमन स्वतः ५१ वर्षांचे, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत लढलेले. आपली तब्येत उत्तम आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पहिल्याच रविवारी यजमान आर्थर लिडियार्ड त्यांना बागेत जमलेल्या माणसांबरोबर धावायला घेऊन गेले. बायका, पुरुष, म्हातारे, पोरं असा मेळा होता. थोड्याच अंतरात चढ लागला आणि बोअरमनना दम लागला. घोळका पुढे निघून गेला. मागे थांबले ते ७३ वर्षांचे एक गृहस्थ. ते पाहुण्याच्या चालीने सावकाश धावत राहिले, वर गप्पाही मारत राहिले. त्या गृहस्थांना हृदयविकाराचे तीन झटके येऊन गेले होते, हे बोअरमनना नंतर समजलं.

हौसेने धावणाऱ्यांच्या इतिहासात इतकी महत्त्वाची शरमिंदगी दुसरी सापडत नाही. विक्रमवीर घडवणाऱ्या प्रशिक्षकाला त्या दिवशी कळलं की धावणं हे विक्रमवीरांच्या पलीकडेही असतं.

लिडियार्ड यांची गोष्ट याहून जुनी. ते बुटांच्या कारखान्यात कामाला होते. रग्बी खेळायचे आणि त्या जोरावर स्वतःला तंदुरुस्त समजायचे. स्थानिक क्लबचे अध्यक्ष जॅक डोलन यांनी एकदा त्यांना पाच मैल बरोबर धावायला नेलं, तेव्हा हा तरुण जवळजवळ कोसळला. आपली आज ही गत, तर पन्नाशीत काय होणार, या विचाराने लिडियार्ड यांनी स्वतःच्या शरीरावरच प्रयोग सुरू केले. कधी आठवड्याला अतोनात मैल, कधी फारच कमी, असं करत ते आठवड्याला शंभर मैलांच्या आसपास स्थिरावले. शेजारपाजारची मुलं त्यांच्याबरोबर धावू लागली. त्यांचा रविवारचा लांबचा रस्ता वायटारुआच्या डोंगरातून २२ मैलांचा होता. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दुपारी पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. तिघेही लिडियार्ड यांच्याच तालमीतले.

लोकांना ही पदकं आठवतात. पण लिडियार्ड यांचं दुसरं काम त्याहून दूरवर पोहोचलं. त्या काळी हृदयविकाराचा झटका आला की रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात झोपवून ठेवत. लिडियार्ड नेमकं उलटं सांगत होते: हळू धावा, ताण घेऊ नका, पण धावा. पुढे ऑकलंडचे महापौर झालेल्या कॉलिन के यांच्याबरोबर त्यांनी १९६२ मध्ये ऑकलंड जॉगर्स क्लब काढला. त्यात हृदयाचे रुग्ण होते, पोट सुटलेले व्यावसायिक होते. शर्यत नव्हती, घड्याळही नव्हतं.

बोअरमन सहा आठवडे तिथे राहिले, जवळपास रोज धावले आणि परतल्यावर आपल्या युजीन गावच्या वर्तमानपत्राला हे सगळं सांगितलं. १९६३च्या फेब्रुवारीत तिथल्या हेवर्ड फील्ड मैदानावर त्यांनी गावकऱ्यांना बोलावलं. पहिल्या खेपेला दोनेक डझन माणसं आली. मग आकडा आठवड्यागणिक वाढत गेला, इतका की बोअरमनच धास्तावले: यातला एखादा धावता धावता गेला तर? त्यांनी ते जाहीर मेळे थांबवले आणि गावातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. वॉल्डो हॅरिस यांना गाठलं. दोघांनी मध्यमवयीन माणसांचे छोटे गट करून त्यांना आधी चालायला, मग चालता चालता थोडं पळायला लावलं आणि निरीक्षणं टिपली. त्यातून १९६७ मध्ये ‘जॉगिंग’ हे पुस्तक निघालं. त्यातली कसोटी अगदी सोपी होती. धावताना शेजारच्याशी बोलता येत असेल तर चाल बरोबर; बोलता येत नसेल तर वेग जास्त.

या कसोटीला साठ वर्षं होत आली, पण तिला मागे टाकेल असं काही अजून निघालेलं नाही. मनगटावरची घड्याळं आज नाडीचे ठोके मोजतात, प्राणवायू किती वापरला याचा अंदाज सांगतात. तरीही हौशी माणसाच्या बहुतेक दुखापती ही साधी गोष्ट न पाळल्यामुळे होतात, हे कुठल्याही शहरातला अनुभवी प्रशिक्षक सांगेल.

प्रौढ माणसाने कारण नसताना रस्त्यावर पळणं तेव्हा अमेरिकेतही विचित्र वाटायचं. १९६८ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थरमंड आपल्याच राज्यात जॉगिंग करत असताना पोलिसांनी संशय येऊन त्यांना हटकलं होतं. मात्र त्याच वर्षी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ बाजारात आलं. बारा मिनिटांत किती अंतर कापता यावर तंदुरुस्ती मोजण्याची त्यांची चाचणी जगभरच्या सैन्यदलांत आणि शाळांत पोहोचली. लिडियार्डच्या क्लबात नसलेलं घड्याळ इथे आलं. त्या क्षणी ते फारसं कुणाला खटकलं नाही.

पायात काय घालायचं हा प्रश्न मात्र तोवर सुटला नव्हता. सामान्य माणसाला मिळायचे ते टेनिसचे कॅनव्हासचे बूट, पातळ रबरी तळाचे. बोअरमन यांना बुटांचं वेड फार आधीपासून होतं. बुटाचं वजन एक औंस कमी झालं तर एका मैलात धावपटूला किती वजन कमी उचलावं लागेल, याचा हिशेब ते मांडत बसत. बुटांच्या कंपन्या दाद देईनात, तेव्हा त्यांनी स्वतःच कातडं कापायला, शिवायला आणि चिकटवायला सुरुवात केली. १९६४ च्या जानेवारीत त्यांचा जुना विद्यार्थी फिल नाइट आणि त्यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून ‘ब्लू रिबन स्पोर्ट्स’ ही कंपनी काढली. काम एवढंच, की जपानच्या ओनित्सुका कंपनीचे टायगर बूट आणून विकायचे. हीच कंपनी पुढे नायकी झाली.

बोअरमन यांच्या बुटाच्या रचनेला वळण दिलं ते एका मोडलेल्या हाडाने. केनी मूर हा त्यांचा शिष्य लांब पल्ल्याच्या सरावात जखमी झाला. त्याच्या पावलाचं हाड तडकलं होतं. बोअरमन यांनी त्याच्या पायातला बूट मागून घेतला आणि सुरीने फाडून आत पाहिलं. टाचेखाली आणि बोटांखाली गादी होती, मधल्या कमानीखाली आधारच नव्हता. शिवाय तो बूट मुळात उंच उडीसाठी बनवलेला निघाला. मग टाचेपासून बोटांपर्यंत सलग गादी असलेला बूट त्यांनी आखला. तोच ‘कोर्तेझ’. रस्त्यावर मैलामागून मैल आपटणाऱ्या पायासाठी मुद्दाम आखलेल्या बुटांत त्याचं नाव पहिल्या काहींत घ्यावं लागतं.

१९७१ मधली वॉफलची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पत्नी बार्बरा यांच्या वॉफल भाजायच्या साच्यात बोअरमननी युरेथेन ओतलं, साचा कायमचा चिकटून बसला, पण त्या चौकटींच्या नक्षीतून पकड घेणारा हलका तळ तयार झाला. १९७४ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. या कथेची दुसरी बाजू सांगणारे मात्र थोडे. बंद खोलीत वर्षानुवर्षं गोंद आणि द्रावकांच्या वाफा श्वासात घेतल्याने बोअरमन यांच्या पायांच्या नसा निकामी होत गेल्या. लाखो माणसांना धावायला लावणाऱ्या माणसाला स्वतः धड धावता येईना. बुटांच्या इतिहासात नफ्याचे आकडे ठळक छापले जातात. ही किंमतही तितक्याच ठळकपणे नोंदवायला हवी.

१९७० च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन पहिल्यांदा झाली तेव्हा ती सेंट्रल पार्कच्या फेऱ्यांतच उरकली. प्रवेश शुल्क एक डॉलर, स्पर्धक १२७, शेवटपर्यंत पोहोचले ५५. अग्निशमन दलातले गॅरी मुर्की २ तास ३१ मिनिटं ३८ सेकंदांत पहिले आले. दोन वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टरने सुवर्ण जिंकलं आणि ते देशभर टीव्हीवर दिसलं. १९७६ मध्ये न्यूयॉर्कची शर्यत शहराच्या पाचही भागांतून निघाली, तेव्हा नोंदणी दोन हजारांवर गेली होती. त्याच शर्यतीत डिक ट्रॉम कृत्रिम पायाने ४२ किलोमीटर पार करून आले.

बायकांची वाट जास्त खडतर होती. बॉस्टनच्या १९६७ च्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झरने नावाची फक्त आद्याक्षरं देऊन नोंदणी केली, २६१ क्रमांकाचा बिब (छातीवरची क्रमांकपट्टी) लावला, आणि संयोजकांपैकी एकाने तिला भर रस्त्यात ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला. त्याची छायाचित्रं जगभर छापली गेली. बॉस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला तो १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं. या लढ्याइतकीच महत्त्वाची, पण कमी सांगितली जाणारी घटना १९७७ मधली. व्हर्मांटमध्ये लिसा लिंडाल या हौशी धावपटूने पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या मैत्रिणींच्या मदतीने पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट (जॉकस्ट्रॅप) एकत्र शिवून धावताना घालायची पहिली ब्रा तयार केली. बुटांवर तोवर ढीगभर पैसा आणि डोकं खर्च झालं होतं. निम्म्या माणसांना रोज सतावणाऱ्या अडचणीकडे मात्र त्या तिघींनी शिवणयंत्र काढेपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

१९७७ मध्येच जिम फिक्स यांचं धावण्यावरचं जाडजूड पुस्तक खपाच्या यादीत शिखरावर गेलं. फिक्स एकेकाळी लठ्ठ होते, सिगारेट ओढत. धावून बारीक झालेले. त्या दिवसांत एका अमेरिकन डॉक्टरने तर दावा केला होता की चार तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करणाऱ्याला हृदयाच्या धमन्यांच्या आजाराने मरण येत नाही. २० जुलै १९८४ रोजी फिक्स व्हर्मांटमधल्या रस्त्यावर धावताना कोसळले आणि गेले. वय ५२. शवविच्छेदनात धमन्या भरलेल्या आढळल्या. त्यांचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. धावणं घातक असतं असा अर्थ अनेकांनी काढला, तो चुकीचा होता. चुकीचं होतं ते पूर्ण केलेल्या वेळेला औषधाच्या चिठ्ठीचं मोल देणं.

धावणाऱ्यांचे घोळके वाढले तसे दवाखानेही भरू लागले. गुडघ्याच्या वाटीभोवतीचं दुखणं, नडगीची ठणक, मांडीच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या पट्ट्याचा त्रास, टाचेखाली सकाळी उठल्याबरोबर येणारी कळ, घोट्यामागच्या शिरेची सूज. न्यू जर्सीतले हृदयरोगतज्ज्ञ जॉर्ज शीहन स्वतः धावायचे आणि मासिकात सदर लिहायचे. गुडघा दुखतो तेव्हा गुडघ्याआधी पाऊल बघा, असं त्यांचं म्हणणं, आणि बुटात घालायच्या आधारपट्ट्यांचा ते आग्रह धरत. पायाचे डॉक्टर आणि बुटांचे कारखाने यांची गाठ याच सुमारास पडली. पाऊल टेकल्यावर आतल्या बाजूला कलतं ते अति झालं की दुखापत होते, हा सिद्धांत रूढ झाला. १९७७ मध्ये ब्रुक्सने ‘व्हँटेज’ नावाचा बूट आणला, त्याच्या तळात ते कलणं रोखणारी पाचर होती. आतल्या बाजूला घट्ट आणि बाहेरच्या बाजूला मऊ फोम असलेले बूट आले, मग हवेच्या पिशव्या आल्या, जेल आलं. दुकानात ओल्या पावलाचा ठसा बघून, पुढे ट्रेडमिलवर पळवून व्हिडिओ काढून, ‘तुमचा पाय सपाट, तुम्हाला हा बूट’ असं सांगण्याची पद्धत पडली. ती आजही मुंबई-पुण्याच्या दुकानांत चालते.

अडचण अशी, की दुखापती काही घटल्या नाहीत. २००७ मध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा पायाच्या दुखापतीचं प्रमाण कुठे १९ टक्के तर कुठे थेट ७९ टक्के निघालं, आणि सर्वांत जास्त वेळा दुखावलेला सांधा गुडघाच होता. अमेरिकेच्या सैन्यदलांनी नव्या भरतीवर प्रयोग केला. काहींना पावलाच्या कमानीचा आकार बघून बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकच प्रकार. दोन्ही गटांत दुखापती सारख्याच. तीस वर्षं ज्या तर्कावर बूट विकले गेले, तो तर्क इथे उघडा पडला.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २००९-१० च्या सुमारास अनवाणी धावण्याची लाट आली. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी दाखवलं की सवयीने अनवाणी धावणारे पुढच्या पंजावर उतरतात आणि टाचेवर बसणारा तो पहिला धक्का टाळतात. निरीक्षण अचूक होतं. पण जन्मभर टाचेवर उतरलेल्या चाळिशीतल्या माणसाने एका आठवड्यात गादीचे बूट फेकून दिले तर तो भार पोटरीवर आणि पावलाच्या बारीक हाडांवर येतो. अनेकांची हाडं तडकली. पाच बोटांच्या बुटांच्या कंपनीने आरोग्याच्या दाव्यांवरून झालेला खटला २०१४ मध्ये पैसे देऊन मिटवला. पुढे लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंवर झालेल्या चाचणीत मऊ तळाच्या बुटांत दुखापती कमी आढळल्या, आणि नवलाची बाब म्हणजे फायदा वजनदार माणसांपेक्षा हलक्यांना अधिक झाला. एकंदरीत हाती लागतं ते इतकंच: दुखापतीचा मोठा वाटा अंतर आणि वेग घाईने वाढवण्यात असतो, बुटाचा वाटा त्याहून लहान. पायाला सोयीचा वाटेल तो बूट घ्यावा हा सल्ला आता तज्ज्ञही देतात. तो ऐकायला साधा आहे, म्हणूनच त्यावर जाहिरात उभी राहत नाही.

घड्याळाची कथा बॉस्टनशिवाय सांगता येत नाही. १९७० मध्ये गर्दी आवरेना म्हणून तिथल्या संयोजकांनी अट घातली, की चार तासांत पुरी करण्याइतका सराव असेल त्यानेच यावं. पुढच्याच वर्षी ती साडेतीन तासांवर आली. शर्यतीत नुसतं धावण्याचा हक्क दुसऱ्या शर्यतीतल्या वेळेने कमवायचा, ही कल्पना तेव्हापासून मुरली. आज वयोगटाची वेळ गाठूनही भागत नाही; २०२५ च्या बॉस्टनला निकषापेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंदांनी सरस असणाऱ्यांनाच जागा मिळाली. १९९० च्या दशकात वेळ नोंदवणारी, बुटाला बांधायची चिप आली. तोवर मागच्या रांगेतल्या माणसाला रेषेपर्यंत पोहोचायला लागलेली मिनिटंही त्याच्या खात्यात पडत. चिपने प्रत्येकाला स्वतःची खरी वेळ दिली. हा मोठा न्याय झाला, आणि त्याबरोबर शेवटून दुसरा येणारासुद्धा सेकंदांत मोजला जाऊ लागला.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने मॅरेथॉनच्या जवळपास एक कोटी नोंदी तपासल्या. तीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या जरा आधी पोहोचणाऱ्यांची गर्दी होते आणि लगेच नंतर ती ओसरते. ३:५९ आणि ४:०१ यांत शरीराच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. तरी त्या दोन मिनिटांसाठी माणसं शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये राखून ठेवलेलं सगळं ओततात. २०१७ मध्ये कार्बनची पट्टी आणि उसळता फोम असलेला नायकीचा बूट आला. ऊर्जा सरासरी चार टक्के वाचते असं प्रयोगशाळेत दिसलं आणि विक्रम भराभर पडले. २०२० मध्ये अॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने तळाची जाडी ४० मिलिमीटरवर अडवली. हे बूट अव्वल धावपटूंसाठी आखलेले. पण रांगा लावून घेतले ते पाच तासांत मॅरेथॉन करणाऱ्यांनीही.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध बुटांच्याही आधीचा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत शेतकरी घरची मुलं अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जातात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले. पल्ला नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरचा. ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९ वे आले. सदाशिव दातारही त्याच शर्यतीत होते. पुढे १९७८ मध्ये बिहारच्या शिवनाथ सिंग यांनी जालंधरला २ तास १२ मिनिटांची वेळ दिली, तेही अनवाणी धावण्यासाठीच ओळखले जात. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला.

हौशी माणूस मात्र आपल्याकडे उशिरा आला. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली तेव्हा रस्त्यावर प्रामुख्याने स्पर्धक असत. नोकरदार माणसं फुटपाथवरून टाळ्या वाजवत. १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबई मॅरेथॉन निघाली आणि चित्र पालटलं. मरीन ड्राइव्हवर बँकेतले कारकून, गृहिणी, निवृत्त शिक्षक बिब लावून उभे राहिले. फेब्रुवारीची उष्णता बघून पुढच्या वर्षीपासून शर्यत जानेवारीत आणली. तरी समुद्रकाठची दमट हवा सुटत नाही. घाम वाळत नाही, अंग तापतं, आणि ज्यांनी सुरुवात जोरात केलेली असते त्यांच्यावर परतीच्या पेडर रोडच्या चढावर चालायची वेळ येते. मुंबईत ‘टायमिंग काय?’ असं विचारलं तर जाणकार आधी पेडर रोड कसा गेला हे सांगतो.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, पुणे विद्यापीठाच्या आवारात आता पहाटे गट जमतात. त्यांची भाषा ठरलेली: पीबी (स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ), पेसर (ठरलेल्या वेगाने सोबत धावणारा), टेपर (शर्यतीआधी सराव कमी करणं), लाँग रन, ‘सब-टू’ म्हणजे दोन तासांच्या आत अर्धमॅरेथॉन. साताऱ्याने २०१२ मध्ये या भाषेला अडचणीत टाकलं. तिथली हिल हाफ मॅरेथॉन गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढते आणि त्याच वाटेने खाली येते. चढावर पोटऱ्या भरून येतात. खरा मार बसतो तो उताराला, मांडीच्या पुढच्या स्नायूंवर. उतरताना हे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, आणि दोन दिवस जिना उतरता येत नाही. सपाट रस्त्यावरची वेळ इथे लागू पडत नाही. इथली वेळ पुढच्या वर्षी पुन्हा इथेच येणाऱ्यालाच उपयोगी. तरीही नोंदणी उघडली की जागा भरतात. मुंबई-पुण्याहून माणसं आदल्या रात्री येऊन राहतात. पावसाळी पहाटे घाटातल्या वाडीवस्तीवरची मंडळी, शाळेची मुलं, ढोल-ताशाची पथकं रस्त्याकडेला उभी असतात, आणि अडीच-तीन तास घेणाऱ्यांची वाट पाहत तिथेच थांबतात.